रिकाम्या हौद्यातला अर्धा टन

बेव्हन हार्टनेलच्या फाटकापासून मेरिंगी गावापर्यंत शेहेचाळीस किलोमीटरचा मातीचा रस्ता आहे आणि तो सपाट आहे. निदान बेव्हनचं म्हणणं तसं होतं. कौन्सिलच्या ग्रेडरवर, म्हणजे माती खरवडणाऱ्या यंत्रावर, बसून हा रस्ता त्याने एकतीस वर्षं सारखा केला होता, आणि त्याला कोणी नावं ठेवलेली बेव्हनला खपत नसत. बाकी सगळ्या दुनियेला त्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्याच वळ्या दिसत. बेव्हनला दिसत नसत. डोळे शाबूत होते त्याचे. कुंपणापलीकडची मेंढी कोणाच्या कळपातली ते तो इथून सांगायचा. पण वळ्या नाही म्हणजे नाही.

चार वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि ग्रेडर लेस्टर पिम नावाच्या चाळिशीतल्या माणसाकडे गेला. आता खरं तर वळ्यांचं खापर लेस्टरच्या डोक्यावर फोडून मोकळं व्हायची आयती सोय झाली होती. क्लॅरीने ती सुचवलीही. क्लॅरी हा बेव्हनचा शेजारी, म्हणजे अकरा किलोमीटरवर राहणारा. पण बेव्हन म्हणाला, "लेस्टर नुसता वरवर खरवडतो. रस्ता तळातून असतो, आणि तळ माझा आहे." अशा माणसापुढे कोणी डोकं आपटावं?

बेव्हनची पिकअप एकोणीस वर्षांची होती आणि तिचे शॉकॲब्सॉर्बरही एकोणीस वर्षांचे होते. शॉकअपचं काम तसं साधं. गचका बसला की गाडीचे पाटे नाचायला लागतात, त्यांना गप्प बसवायचं. बेव्हनच्या गाडीत हे काम गेली दहा वर्षं कोणीच करत नव्हतं. मागचे दोन्ही शॉकअप तेल गळून गळून ओले झाले होते आणि त्यांवर लाल धुळीचा थर चढला होता. गाडीचा कोपरा दाबून सोडला तर ती बराच वेळ मान डोलवत राहायची. रेडिओवर क्रिकेट लावून निघालं तर तिसऱ्या किलोमीटरला आपोआप लोकरीचे भाव लागलेले असत. समोरचा कप्पा मनाला येईल तेव्हा उघडायचा आणि ग्लेनिसच्या गुडघ्यावर आपटायचा.

"बेव्ह, हे शॉकअप बदल," ग्लेनिस म्हणायची. ग्लेनिस म्हणजे त्याची बायको.

"कंपनीने बसवलेले आहेत ते. कंपनी काय खुळी आहे?"

"माझी पाठ गेली रे."

"रस्ता सपाट आहे, ग्लेनिस."

"मग मी काय हौसेने उडते?"

"तू बसतेसच वाकडी."

हा संवाद त्या गाडीत इतक्या वेळा झाला होता की दोघांपैकी कोणी एकटं असतं तरी दोन्ही बाजू म्हणून दाखवता आल्या असत्या.

मग एका गुरुवारी केकचं प्रकरण झालं. गुरुवारी मेरिंगीच्या महिला मंडळाची बैठक असायची आणि ग्लेनिस साय भरलेला स्पंज केक घेऊन जायची. शेहेचाळीस किलोमीटर मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात, दातांवर दात. त्या दिवशी मंडळात डबा उघडला तर आत केकचं शिकरण झालं होतं. मंडळाच्या अध्यक्षा एनिड ट्रास्क यांनी डब्यात डोकावून विचारलं, "हा काहीतरी नवीन प्रकार दिसतोय. चमच्याने खायचा का?" बाकीच्या बायका सभ्यपणे खिडकीबाहेर बघायला लागल्या.

ग्लेनिस घरी आली, डबा घासला, पालथा घातला आणि म्हणाली, "शॉकअप बदलेपर्यंत मी तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही." ती चिडून बोलली असती तर बेव्हनने मनावर घेतलं नसतं. पण ती हात पुसत पुसत बोलली.

पुढच्या गुरुवारी फाटकाशी लेस्टर पिमची गाडी उभी राहिली. लेस्टर त्याच रस्त्यावर फाटकाच्याही पलीकडे राहायचा आणि दर गुरुवारी कौन्सिलच्या कचेरीत जायचा. त्याची गाडी नवी, गुबगुबीत गाद्यांची. ग्लेनिस केकचा डबा घेऊन तिच्यात बसली आणि निघून गेली. बेव्हन अर्ध्या तासाने आपल्या पिकअपमधून एकटाच गावात गेला. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये त्याने तीनदा बाजूच्या सीटकडे वळून बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. एवढी वर्षं तो ह्या रस्त्यावर तिच्याशी अखंड बोलत आला होता. पाण्याच्या टाकीबद्दल, क्लॅरीच्या बायकोच्या भावाबद्दल, ढगांबद्दल. ती फारसं ऐकत नसे, पण असायची. आता तिथे नुसता सीटबेल्ट लोंबत होता. त्याला फार वाईट वाटलं. आणि ज्या गाडीत ती बसली होती ती गाडी ग्रेडरवाल्याची होती ह्याचं त्याहून जास्त वाटलं. असे तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी बेव्हन सुट्या भागांच्या दुकानात शिरला.

गल्ल्यामागे डार्लीन होती. तिला गावातल्या प्रत्येक गाडीचं पोट आतून माहीत होतं. दुकानात आणखी तीन पुरुष उभे होते. त्यांना काहीही विकत घ्यायचं नव्हतं. ते तिथे रोज असतात.

"शॉकअप," बेव्हन तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "चारी."

"शेवटी?" डार्लीन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बरं. हौद्यात वजन किती असतं रोजचं?"

तिथेच घोटाळा झाला. बेव्हनच्या हौद्यात एक दोरी, एक रिकामा डबा आणि मागच्या वर्षीचा पालापाचोळा असायचा. पण आमच्या भागात पिकअपवाल्या माणसाला हौद्यात काय नेतोस असं चारचौघांत विचारलं आणि तो 'काही नाही' म्हणाला, तर त्याने पिकअप घेतलीच कशाला असा प्रश्न उभा राहतो. मग मोटार घे आणि मागच्या काचेत लेसचा पडदा लाव. तिघे पुरुष कान टवकारून उभे होते.

"अर्धा टन," बेव्हन म्हणाला.

"रोज?"

"कधी कधी जास्त."

डार्लीनने खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या पिकअपकडे बघितलं. वाऱ्याने हौद्यातला डबा इकडून तिकडे गडगडत गेला. "अर्ध्या टनाचे शॉकअप म्हणजे दणकट असतात," ती म्हणाली. "रिकामी गाडी चालवलीस तर दगडावर बसल्यासारखं होईल. विचार कर."

"रिकामी कोण फिरवतं गाडी?" बेव्हन म्हणाला, आणि तिघांनीही गंभीरपणे माना हलवल्या. त्या तिघांचेही हौदे बाहेर रिकामेच होते.

शनिवारी सकाळी बेव्हनने शेडपुढे गाडी जॅकवर चढवली, खाली लोखंडी घोड्या लावल्या, चाकं काढली आणि खाली शिरला. आता गाडीखालून माणसाचे बूट बाहेर आलेले दिसले की ह्या रस्त्यावरून कोणी पुढे जात नाही. तसं जाणं उद्धटपणाचं समजतात. थांबायचं, हौद्याच्या कडेला कोपर टेकायचं आणि सल्ला द्यायचा. हात लावायचा नाही. आधी क्लॅरी आला. मग, नशीब बघा, लेस्टर पिम आला. ग्लेनिसने दोघांना चहा आणि बिस्किटं आणून दिली. बुटांना कोणी चहा विचारला नाही.

"डावीकडे फिरव," क्लॅरी म्हणाला.

"डावीकडेच फिरवतोय," बूट म्हणाले.

"मग उजवीकडे फिरवून बघ."

एकोणीस वर्षांचा गंज. तेल मारून झालं, हातोडीने ठोकून झालं, पान्याला पाइप अडकवून लोंबकळून झालं. शेवटी बोल्ट कापावे लागले. जुना शॉकअप निघाला तेव्हा बेव्हनने त्याचा दांडा एका बोटाने आत ढकलला. तो मुकाट्याने आत गेला आणि तिथेच राहिला.

"कंपनी खुळी नव्हती म्हणा," क्लॅरी म्हणाला. "पण तिलाही वाटलं नसेल कोणी इतकी वर्षं वापरील असं."

नव्या शॉकअपमध्ये गॅस भरलेला असतो. दांडा आत दाबून वर पट्टा बांधलेला असतो, आणि शॉकअप जागेवर धरून मगच पट्टा कापायचा असतो. कागदावर चित्रासकट तसं छापलं होतं. बेव्हनने तो कागद पाठीखाली अंथरला होता, धूळ लागू नये म्हणून. त्याने शॉकअप पोटावर उभा धरला आणि चाकूने पट्टा कापला.

शॉकअपला घाई नव्हती. तो संथपणे, पण अजिबात न थांबता लांब व्हायला लागला. त्याचं वरचं टोक गाडीच्या चासीला टेकलं. खालचं टोक बेव्हनच्या कमरेच्या पट्ट्याच्या बकलावर होतं.

"क्लॅरी," गाडीखालून आवाज आला. "हा वाढतोय."

"चांगल्या मालाची खूण आहे ती," क्लॅरी म्हणाला.

"माझ्या पोटावर वाढतोय."

लेस्टरने वाकून बघितलं. "अडकलाय की रे हा." मग दोघांनी ह्यावर बराच विचार केला. क्लॅरीचं म्हणणं गाडी आणखी वर चढवावी. लेस्टरचं म्हणणं बेव्हनने श्वास सोडावा. बेव्हन म्हणाला, सोडलाय. तेवढ्यात ग्लेनिस कप न्यायला आली. तिने खाली बघितलं, गुडघे टेकले, हात घालून त्याच्या पट्ट्याचं बकल सोडलं आणि शॉकअप घरंगळत बाजूला गेला. "बिस्किटं आणखी हवीत का कोणाला?" तिने विचारलं.

दुपारपर्यंत चारी शॉकअप बसले. सगळे गेल्यावर बेव्हन गाडी घेऊन एकटाच रस्त्यावर आला. दीड किलोमीटरमध्ये मागचा आरसा गळून पडला. दोन किलोमीटरवर त्याची दाढ ठणकायला लागली. आधी गाडी उडायची. आता ती उडत नव्हती, प्रत्येक वळी जशीच्या तशी, एकही न गाळता, त्याच्या मणक्यात पोचवत होती. तो परत आला तेव्हा ग्लेनिस पायरीवर उभी होती.

"कशी चालते?"

"लोण्यासारखी," बेव्हन म्हणाला. त्याला वाटलं, सांगावं खरं. पण खरं कुठून सांगायला सुरुवात करायची? डार्लीनपासून? हौद्यापासून? की रस्त्यापासून?

"मग गुरुवारी मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली आणि प्रसन्न हसली.

चार दिवस तो घरात चोरासारखा वावरला. बुधवारी त्याला उपाय सापडला. क्लॅरीची मेंढ्या भादरायची शेड लाकडी खांबांवर उभी आहे आणि तिच्या फळ्यांखाली वर्षानुवर्षांचं लेंडीखत साचलेलं आहे. बेव्हन तिथे फावडं घेऊन गेला आणि वाकून वाकून चौदा गोण्या भरल्या. एकेक गोणी पस्तीस किलोची. क्लॅरीने विचारलं, "बागकाम सुरू केलंस?" बेव्हन म्हणाला, "तसंच काहीतरी." चौदा गोण्या हौद्यात चढवल्यावर गाडी जरा खाली बसली, आणि काय सांगावं, लोण्यासारखी चालायला लागली. शॉकअपना जे वचन दिलं होतं ते त्यांना मिळालं होतं. बेव्हनने मनाशी ठरवलं, ह्या गोण्या आता मरेपर्यंत हौद्यातच राहणार.

गुरुवारी ग्लेनिस केकचा डबा घेऊन आली आणि नाकाला रुमाल लावून थांबली. "हे काय?"

"लेंडीखत."

"ते कळलं. गावात कशाला?"

"द्यायचंय एकाला."

"कोणाला?"

बेव्हनला त्या क्षणी जगातली एकच बाग आठवली. "एनिड ट्रास्कला. गुलाबांसाठी." मनात म्हटलं, ऐनवेळी विसरलो म्हणून सांगू.

ग्लेनिस त्याच्याकडे बघतच राहिली. बेव्हनने आजवर कोणाला पालाही दिला नव्हता. ती गाडीत बसली. शेहेचाळीस किलोमीटर गाडी अशी गेली की डब्यातला केक हलला नाही. बेव्हन टाकीबद्दल बोलला, क्लॅरीच्या मेव्हण्याबद्दल बोलला, ढग नव्हते तरी ढगांबद्दल बोलला. अर्ध्या वाटेत ग्लेनिसने पाठ मागे टेकली. ह्या गाडीत तिला पाठ टेकून बसलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं, आणि त्याला इतका आनंद झाला की त्याने समोरून येणाऱ्या मालमोटारीला ह्या रस्त्याच्या रिवाजाप्रमाणे एक बोट वर करण्याऐवजी अख्खा हात केला. तो ड्रायव्हर नंतर गावात सांगत होता, बेव्हनला काहीतरी झालंय.

मंडळाच्या दारात गाडी लावून बेव्हन बिअर प्यायला गेला. दोन तासांनी परत आला तर हौदा झाडून पुसून स्वच्छ होता. दोरीचं छान वेटोळं करून ठेवलं होतं.

"मी एनिडला सांगितलं," ग्लेनिस म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "तिला रडूच आलं रे. म्हणाली, बेव्हनला मी उगाच आडमुठा समजत होते. मग आम्ही सगळ्यांनी मिळून उतरवल्या. हातगाडीवरून."

महिला मंडळाच्या आठ जणी, सरासरी वय सत्तर. बेव्हन हौद्याकडे बघत होता. "सगळ्या?"

"चौदाच्या चौदा. एक ठेवून घ्या म्हणत होती एनिड. मी म्हटलं, छे, तो काय करणार आहे खताचं?"

"ग्लेनिस, आपल्याला सिमेंट आणायचं होतं ना?"

"कशाला?"

"असावं घरात. दहा-बारा पोती."

पण पाच वाजून गेले होते आणि दुकानं बंद झाली होती. डार्लीन कुलूप लावत होती. तिने हौद्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "काय रे, अर्धा टन कुठे गेला?"

"कसला अर्धा टन?" ग्लेनिसने विचारलं.

"रोजचा," डार्लीन म्हणाली आणि किल्ल्या वाजवत गेली.

डांबरी संपून मातीचा रस्ता लागला. पहिली वळी आली आणि दोघांच्या बत्तिशा एकदम वाजल्या. ग्लेनिसने त्याच्याकडे बघितलं. बेव्हनने वेग कमी केला. गचके तेवढेच, फक्त आता सावकाश, एकेक करून बसायला लागले. कप्पा उघडून तिच्या गुडघ्यावर आपटला. तिने तो मिटला, तो पुन्हा आपटला. केकचा रिकामा डबा वाजत होता. ती एक शब्द बोलत नव्हती, आणि बेव्हनला कळलं की ती बोलत नाही कारण तो काय म्हणणार हे तिला पाठ आहे. त्याने तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात कोरड्या ओढ्याच्या उताराला गाडी आदळली आणि त्याचं डोकं टपावर आपटलं.

त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मग त्याने सगळं सांगितलं. दुकानातले तिघे, अर्धा टन, क्लॅरीची शेड, गोण्या. ग्लेनिस ऐकत होती. मधेच तिच्या तोंडून हसू फुटलं, तिने ते दाबलं.

"म्हणजे एनिडचे गुलाब..."

"मला गोण्या परत न्यायच्या होत्या."

ती मनसोक्त हसली, डोळे पुसले आणि मग एकदम गंभीर झाली. "बेव्ह, शॉकअपचं राहू दे. मी दहा वर्षं सांगत होते, मला लागतंय. तू म्हणायचास, रस्ता सपाट आहे. म्हणजे मला लागतच नव्हतं का?"

"माझा रस्ता आहे ग तो, ग्लेनिस."

"आणि पाठ कोणाची?"

बेव्हन दार उघडून खाली उतरला, गाडीपुढे गेला आणि गुडघ्यांवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभा राहिला. ऊन कलतं होतं आणि प्रत्येक वळीची सावली पडली होती. इथून थेट क्षितिजापर्यंत. त्याने एका वळीवर बूट दाबून बघितला. मग येऊन खिडकीशी उभा राहिला.

"बसतात गचके," तो म्हणाला. "फार बसतात. आधीपासूनच बसायचे."

ग्लेनिसने गुडघ्यावर आलेला कप्पा मिटला.

तेवढ्यात मागून लेस्टरची गाडी आली आणि शेजारी थांबली. लेस्टरने काच खाली केली. "गाडी बिघडली?"

"नाही," बेव्हन म्हणाला. "रस्ता खराब आहे."

"कुठे?" लेस्टरने मान बाहेर काढून पुढे बघितलं, मागे बघितलं. त्याचा चेहरा लाल झाला. "गेल्याच महिन्यात फिरवलाय मी ग्रेडर. अगदी सपाट आहे." मग तो ग्लेनिसकडे वळला. "तू येतेस का माझ्याबरोबर? तुझ्या पाठीला बरं पडेल."

गाद्या खरोखर गुबगुबीत होत्या. बेव्हनने तिच्या बाजूचं दार उघडून धरलं आणि नजर दुसरीकडे वळवली. अजून तीस किलोमीटर बाकी होते.

ग्लेनिसने हात लांब करून दार आतून ओढून घेतलं.

"तू हो पुढे, लेस्टर," ती म्हणाली. "आम्हाला वेळ लागेल."